खालून दुसरी पेटी

मित्रांनो, मी एक जुनी, काचेच्या झाकणाची लाकडी पेटी आहे, आणि मला एक बहीण आहे. खरं तर ही दुसरी गोष्ट आधी सांगायला हवी होती. कारण माझं निम्मं आयुष्य मी पेटी म्हणून काढलं आणि उरलेलं निम्मं तिच्याकडे बघत.

आम्ही दोघी एकाच फळीच्या. एका कॉलेजच्या वरच्या मजल्यावर कीटकांची खोली होती. तिथं बारा पेट्यांचं कपाट हवं होतं, प्रत्येक पेटी खणासारखी मूठ धरून ओढायची. दहा पेट्या झाल्या आणि सुताराकडचं लाकूड संपलं. मग त्यानं दोन वर्षं सावलीत वाळवलेली एक फळी काढली आणि तिच्यातून आम्हा दोघींना घडवलं. रंधा फिरला तशा बहिणीच्या अंगावर सरळ रेघा उमटल्या, नीट विंचरलेल्या केसांसारख्या. माझ्या डाव्या अंगाला मात्र एक गाठ निघाली. नाण्याएवढी, काळपट, लाकडाच्या सगळ्या रेघांना वळसा घालायला लावणारी.

"गाठ निघाली की हो हिला," सुतार म्हणाला.

त्याची बायको पॉलिशचं फडकं घेऊन बसली होती. "मग? फेकायची?"

"फेकायची कशाला! खाली घालू. गुडघ्याखाली कोण बघतंय?"

त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. काम उरकायच्या घाईत माणूस बोलतो तसं तो बोलला आणि विसरला. मी विसरले नाही. कपाट खोलीत लागलं तेव्हा बहीण वरून तिसरी, बरोबर डोळ्यांच्या उंचीला. मी खालून दुसरी.

बहिणीला फुलपाखरं मिळाली. निळी, शेंदरी, मखमली काळी, मोरपंखी ठिपक्यांची. कोणी पाहुणा आला की साहेब, म्हणजे त्या विभागाचे प्रमुख, आधी तिलाच ओढायचे. पाहुणा "वा!" म्हणायचा. शाळेची मुलं आली की "आई गं, केवढं हे!" असा एकच गलका व्हायचा आणि तिच्या काचेवर नाकांचे ठसे उमटायचे. मला दोन वर्षं काहीच मिळालं नाही. माझ्यात सुतळीचं बंडल, तुटके खडू आणि साहेबांची एक जुनी छत्री असायची. छत्री आडवी मावेना, म्हणून ते मला अर्धवट उघडीच ठेवायचे आणि येता-जाता लोक मला ठेचकाळायचे. शिव्या मलाच.

मग बाई आल्या.

बाईंना चिठ्ठ्या लिहायच्या कामावर घेतलं होतं. प्रत्येक कीटकाच्या टाचणीला नखाएवढी चिठ्ठी लावतात. कुठे सापडला, कधी, कुणाला. बाईंचं अक्षर इतकं बारीक आणि स्वच्छ होतं की एका चिठ्ठीवर चार ओळी मावायच्या. एके दिवशी त्या मधमाश्यांच्या पेटीतल्या चिठ्ठ्या बदलत होत्या आणि मध्येच थांबल्या. भिंग डोळ्याला लावून बराच वेळ बघत राहिल्या.

"साहेब, यातल्या अकरा जणींना पंख दोनच आहेत."

"असतील. जुना माल आहे. बाकीचे गळून पडले असतील."

"अकराच्या अकरांचे? आणि तेही मागचेच?"

साहेबांनी वर्तमानपत्र खाली केलं. ती पेटी त्यांनी स्वतः लावली होती आणि आजवर कुणी तिच्याकडे बोट दाखवलं नव्हतं. "अहो बाई, पिवळे पट्टे आहेत, केसाळ अंग आहे, फुलावर पकडलंय. मधमाशी नाही तर काय हत्ती आहे?"

"माशी आहे," बाई म्हणाल्या. "मधमाशीला चार पंख असतात, माशीला दोन. मागच्या पंखांच्या जागी माशीला दोन बारीक दांड्या असतात, टोकाला गोंडा असलेल्या. या बघा."

साहेबांनी बघितलं. मग चष्मा पुसला आणि पुन्हा बघितलं. "बरं," ते म्हणाले, "काढा मग तिथून. ठेवा कुठेतरी."

ते 'कुठेतरी' म्हणजे मी.

छत्री निघाली, सुतळी निघाली. बाईंनी माझ्या तळाला टाचण्या टोचायला बुचाचा थर बसवला, वर पांढरा कागद डकवला आणि दुसऱ्याच्या घरातून निघालेल्या अकरा जणी माझ्यात आल्या. तुम्ही त्यांना बागेत पाहिलं असेल. फुलाच्या तोंडाशी हवेत एकाच जागी थबकून राहतात, दोरीनं टांगल्यासारख्या, आणि मग डोळ्यांचं पातं लवतं न लवतं तोच बाजूला सरकतात. त्या फूलमाश्या. त्या चावत नाहीत की नांगी मारत नाहीत. त्यांना नांगीच नसते. त्या दिवसापासून बाई दुपारचा डबा पाच मिनिटांत संपवायच्या आणि उरलेला वेळ जाळी घेऊन कुंपणाशी उभ्या राहायच्या. लोक त्यांना 'माशीबाई' म्हणू लागले. आधी पाठीमागे, मग तोंडावर. त्या हसून ओ द्यायच्या.

मी गुडघ्याखाली होते, म्हणून बाई चक्क जमिनीवर बसायच्या. मला ओढून मांडीवर घ्यायच्या. डाव्या हाताचा अंगठा माझ्या गाठीवर टेकवायच्या, म्हणजे पकड घसरत नाही. मित्रांनो, त्या गाठीला कुणी हात लावावा असं मला कधी वाटलं नव्हतं. पण तो अंगठा तिथं रोज टेकायचा आणि काही वर्षांत गाठ गुळगुळीत झाली.

माझ्यातल्या माश्या शंभर झाल्या, मग तीनशे. साऱ्या जगात त्यांच्या सहा हजारांहून जास्त जाती आहेत. एक गांधीलमाशीसारखी पिवळीजर्द, कमरेत बारीक. एक भुंग्यासारखी केसाळ, गुबगुबीत. एक काळी, लांबट, साधी, जिच्याकडे कुणी ढुंकून बघणार नाही. मग या सगळ्या एका कुळातल्या कशा? बाई पंख उजेडात धरून दाखवायच्या. पंखाच्या मधोमध एक शीर असते, जी कशालाच जोडलेली नसते. बाकीच्या शिरा कुठून तरी निघतात आणि कुठे तरी मिळतात. ही मध्येच सुरू होते आणि मध्येच संपते. कुणाचेही कपडे घाला, ही शीर लपत नाही. फूलमाश्यांच्या घराण्याची खूण ती.

माझ्यात त्यांची मांडणी मात्र बाईंनी बालपणावरून केली. मोठेपणी सगळ्याच फुलांवर बसतात, मग खरा फरक कळायचा कसा? पहिल्या रांगेत त्या, ज्यांच्या अळ्या झाडांवरचा मावा, म्हणजे रस शोषणारे बारीक किडे, खातात. आंधळ्या, बिनपायाच्या अळ्या, पण एकेक जण शेकडो मावा फस्त करते. दुसऱ्या रांगेत गटारीतल्या. त्यांची अळी घाण पाण्यात बुडून राहते आणि शेपटीसारखी लांब नळी वर काढून श्वास घेते. तिसऱ्या रांगेत कुजलेल्या खोडात आणि फुलझाडांच्या कंदांत वाढलेल्या. चौथी रांग बरीच वर्षं रिकामी होती.

हे सगळं मला आवडायचं. मग मी सुखी होते का? नाही. बाई उठून गेल्या की वरून आवाज यायचा, "वा! किती सुंदर!" आणि माझं सगळं सुख आंबून जायचं. माझ्यातल्या माश्यांकडे बघून मला वाटायचं, तुम्ही माझ्यासारख्याच आहात. तुम्हालाही दुसरं कुणी तरी व्हायचंय. म्हणून तर उसने पट्टे लावून फिरता.

बाईंची भाची सुट्टीत त्यांच्याबरोबर यायची. सहा-सात वर्षांची असेल. साऱ्या खोलीत तीच एक अशी, जिला मी बरोबर उंचीला होते. तिनंही एकदा तेच विचारलं.

"मावशी, हिनं मधमाशीचे कपडे का घातलेत? हिला मधमाशी व्हायचंय?"

"छे गं. पक्षी मधमाशीला टाळतात, नांगीला घाबरून. हिला पक्ष्यानं खाऊ नये, एवढंच हवंय. बाकी ती माशीच आहे आणि मजेत आहे."

"मग तिला मधमाशीचा राग नाही येत?"

"राग यायला तिला वेळ कुठाय? दिवसभर उडायचं असतं."

हे मी माझ्या लाकडी कानांनी ऐकलं होतं. कळलंही होतं. पण कळणं आणि सुधारणं यांच्यात मी तीस वर्षं घालवली.

बाईंच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी चौथी रांग भरली. भरली म्हणजे एक माशी आली. बाई एका पडक्या कुंपणाशी मुंग्यांचं वारूळ बघत होत्या. आत त्यांना अर्ध्या वाटाण्यासारखं घुमटाकार काही तरी सरकताना दिसलं. त्यांना वाटलं, छोटी गोगलगाय. काडेपेटीत घालून घरी आणली. बारा दिवसांनी त्या गोगलगाईतून एक माशी बाहेर पडली! मुंग्यांच्या घरात राहून मुंग्यांचीच पिल्लं खाणाऱ्या फूलमाश्या असतात, त्यातली ती. जाडसर, तपकिरी, लांब मिशांची. बाईंनी पुस्तकं चाळली, मोठमोठ्या संग्रहांच्या याद्या मागवल्या. अशी माशी कुठेच नव्हती.

त्यांनी ती टाचणीवर लावली आणि खाली त्याच टाचणीवर तिच्या कोशाचं रिकामं टरफलही लावलं. साहेब हसले. "टरफल कशाला, बाई? शेंगा खाऊन टरफलं ठेवतात का कुणी?" बाई म्हणाल्या, "ही लहानपणी कोण होती ते तिच्याजवळच राहू दे."

दूरच्या शहरात या माश्यांचे एक मोठे जाणकार होते. बाईंनी त्यांना पत्र लिहिलं. त्यांचं उत्तर आलं, 'टपालानं पाठवू नका, पाय मोडतील. पुढच्या महिन्यात मी तिकडून जाणार आहे. एका तासाची सवड आहे. नवी जात असेल तर तिथंच सांगेन.' ते पत्र बाईंनी मला वाचून दाखवलं. हो, मला. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. नव्या जातीला नाव देता येतं. बाईंनी नाव ठरवलंही असावं, पण ते त्यांनी मोठ्यानं उच्चारलं नाही.

आता मी जे सांगणार आहे ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

पाहुणे यायच्या आदल्या दिवशी साहेब म्हणाले, "एवढा मोठा माणूस येतोय, खोली जरा बघण्यासारखी करा. फुलपाखरांची पेटी काढून खिडकीशी टेबलावर मांडा." आणि बाईंनी, माझ्या बाईंनी, बहिणीला दोन्ही हातांत धरून टेबलावर ठेवलं. तिची काच पुसली. कोपरे पुसले. पुन्हा काच पुसली, तोंडाची वाफ देऊन. सगळी दुपार! माझ्याकडे त्या संध्याकाळी आल्या. घाईनं माझ्या काचेवरून पदर फिरवला, म्हणाल्या, "तू काय, घरचीच," आणि गेल्या.

घरचीच. मला ते प्रेमाचं वाटलं नाही. मला सुताराचं बोलणं आठवलं. उद्या एवढा जाणकार येणार, तोही आधी खिडकीशी थांबणार, तोही "वा!" म्हणणार. आणि आता बाईसुद्धा तिच्याच झाल्या. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

ओल्या हवेचे दिवस होते. ओल्या हवेत लाकूड फुगतं, हे तुम्ही सांगाल आणि ते खरंही आहे. पण त्या दिवशी उरलेल्या दहा पेट्या उघडल्या. मी उघडले नाही.

पाहुणे आले. खिडकीशी दोन मिनिटं थांबले, मग म्हणाले, "कुठाय तुमची मुंग्यांकडची पाहुणी?" म्हणजे ते माझ्यासाठीच आले होते! बाई जमिनीवर बसल्या, मूठ धरून ओढलं. मी हलले नाही. पुन्हा ओढलं. शिपायाला बोलावलं. त्यानं बाह्या सरसावल्या.

"काय हो बाई, आत काय वाघ बसलाय का पाय रोवून?"

त्यानं जोर लावला आणि मूठच त्याच्या हातात आली. तो मागच्या मागे आपटला. साहेब म्हणाले, "आता ठोकाठोक नको, काच फुटेल." पाहुण्यांनी घड्याळ बघितलं, गाडीची वेळ झाली होती. साहेब पाहुण्यांना दाराकडे नेता नेता म्हणाले, "राहू द्या हो बाई. माश्याच तर आहेत."

सगळे गेल्यावर बाई माझ्यासमोर बराच वेळ बसून राहिल्या. मग माझ्या दर्शनी फळीवर तळहात ठेवला, बंद दारावर ठेवावा तसा. त्या क्षणी मला उघडायचं होतं, मित्रांनो. मनापासून उघडायचं होतं. पण एकदा फुगलेलं लाकूड मनात आलं म्हणून ओसरत नाही.

पुढे हवा कोरडी झाली. मी सैल झाले, आज येतील, उद्या येतील म्हणून वाट पाहिली. पण बाईंनी मला पुन्हा ओढलं नाही. 'माश्याच तर आहेत' हे त्यांना लागलं होतं. दोन महिन्यांनी त्यांनी किल्ल्या परत केल्या आणि घरी गेल्या. ते जाणकारही वर्षभरात वारले, असं कुणी तरी बोलताना ऐकलं.

मग बावीस वर्षं. साहेब निवृत्त झाले. खोलीला कुलूप लागलं, कधी तरी कुणी तरी झाडून जायचं. मी पुन्हा फुगले, पुन्हा सुकले, आणि शेवटी वाकडी होऊन तशीच अडकले. माझ्यातल्या डांबरगोळ्या उडून गेल्या. गाठीभोवतीचं लाकूड आकसलं आणि बारीकशी फट पडली. त्या फटीतून केसाळ अळ्या आत शिरल्या, वाळलेले कीटक खाणाऱ्या. पहिली रांग गेली, दुसरी गेली. रात्रंदिवस कुरतडण्याचा आवाज माझ्या पोटात. उघडू नये म्हणून मी जो हट्ट धरला होता, तो आता कुणी सोडवायला येत नव्हतं.

नव्या साहेबांना ती खोली संगणकांसाठी हवी होती. "फुलपाखरं खालच्या दालनात लावा. बाकीचं मोकळं करा." कपाटाची पाठ काढली, मला मागून ठोकून बाहेर ओढलं आणि आम्हा अकरा पेट्यांची चळत व्हरांड्यात रचली. नंबरांच्या पट्ट्या कधीच गळून गेल्या होत्या. वर धुळीचा थर. सगळ्या सारख्या दिसत होतो.

दुसऱ्या दिवशी व्हरांड्यात काठीचा आवाज आला. बाई! वाकलेल्या, पांढऱ्या केसांच्या, डोळ्यांवर जाड भिंगं. त्यांच्या दंडाला धरून एक मधल्या वयाची स्त्री चालत होती. तिनं 'मावशी' म्हटलं तेव्हा ओळखलं, ती भाची. ती आता भाजीच्या शेतांवर मावा मोजायचं काम करायची. तिनंच कुणाकडून तरी ऐकलं होतं की खोली मोकळी होते आहे.

"मावशी, यातली तुझी कुठली? मी एकेक उतरवून पुसून बघते."

"थांब." बाईंनी काठी भिंतीला टेकवली. चळतीच्या डाव्या बाजूनं वरून खाली हात फिरवत आल्या. पहिली, दुसरी, तिसरी. माझा श्वास, लाकडाला असतो तेवढा, थांबला. सातव्या पेटीवर, म्हणजे माझ्यावर, त्यांचा अंगठा आला आणि गाठीवर थबकला. फूलमाशी फुलाशी थबकते तसा.

"ही माझी," बाई म्हणाल्या.

उभ्या आयुष्यात मला एवढंच ऐकायचं होतं. पण ते ऐकलं तेव्हा माझ्या पोटात काय उरलं होतं, हे फक्त मला ठाऊक होतं.

भाचीनं काच पुसली. बाईंनी विचारलं, "चौथी रांग?"

"मावशी..." भाचीनं भिंग काढलं. "टाचणी आहे. चिठ्ठी आहे. टरफल आहे, धड आहे. माशी नाही गं. एक पंख तेवढा राहिलाय, चिठ्ठीवर पडलेला."

"शीर दिसते?"

"दिसते. कशालाच न जोडलेली."

बाईंनी मान हलवली. मग हळूच हसल्या. "टरफल ठेवलं ते बरं झालं."

भाचीनं पंखाचे आणि टरफलाचे फोटो आताच्या जाणकारांकडे पाठवले. महिन्याभरात उत्तर आलं. फूलमाशी नक्की, मुंग्यांकडच्या शाखेतलीच. असं टरफल त्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं. जात नवी असावी. पण एका पंखावर नाव देता येत नाही. पूर्ण माशी हवी. भाची त्या जागी जाऊन आली. कुंपण नव्हतं, वारूळही नव्हतं, तिथं गाड्या उभ्या करायची फरशी होती. ती अजून सुट्टीच्या दिवशी वारुळं शोधत हिंडते.

भाचीच्या खटपटीनं आता मी खालच्या दालनात बहिणीशेजारीच असते, एका टेबलावर. आणि तिच्याबद्दल सांगायचं राहिलंच. ती त्या पाहुण्यांच्या दिवसापासून बावीस वर्षं खिडकीतल्या उजेडात उघडीच राहिली होती. तिची निळी फुलपाखरं राखी झाली आहेत आणि शेंदरी फुलपाखरं चहा सांडलेल्या कागदासारखी. लोक तिच्याजवळ थांबतात आणि काही न बोलता पुढे सरकतात. मी अंधारात होते म्हणून माझ्यात जे काही उरलं, त्याचे पट्टे अजून पिवळे आहेत. ज्या जागेसाठी मी एवढी जळले, त्या जागेनं तिला फिकं केलं. तिला त्याचं कसं वाटलं, हे मी कधी विचारलंच नाही. बहीण असून.

फक्त एक गोष्ट मला स्वस्थ बसू देत नाही, आणि त्यासाठीच मी हे सगळं तुम्हाला सांगितलं. संग्रहात काही नासलं तर का नासलं, याची चिठ्ठी लावायचा नियम असतो. भाची लिहायला बसली, तेव्हा बाईंनी लेखणी स्वतःच्या हातात घेतली. अक्षर थरथरलं, पण बारीकच आलं. ती चिठ्ठी चौथ्या रांगेत, त्या टाचणीच्या खाली, आजही आहे. 'पेटी वेळेवर उघडली नाही. चूक माझी.'

बाई आता नाहीत. चिठ्ठी कायमची आहे. मला ती खोडता येत नाही.

म्हणून मित्रांनो, घरातली, शाळेतली एखादी अडकलेली पेटी दिसली तर तिला तशीच सोडू नका. कोरडी हवा येऊ द्या, कडेला मेणबत्ती घासा आणि पुन्हा ओढून बघा. तिच्या फटी बुजवा, तिच्या डांबरगोळ्या बदला. आणि तुम्ही स्वतः कधी कुणावर जळून दार लावून घेतलंत, तर कुणी दारावर तळहात ठेवील तेव्हा लगेच उघडा. कधी या दालनात आलात तर चौथ्या रांगेतली ती चिठ्ठी वाचा, आणि शेजारच्याला सांगा की ती चूक बाईंची नव्हती.